खेळाची बातमी कोण सांगतं?

आज आम्ही खेळावर बोलणार आहोत. ‘आता या वयात आम्हाले खेळ कायचा?’ असं म्हणून रेडिओ बंद करू नका. विषय खेळाचा आहे, त्याहून जास्त खेळाच्या बातमीचा आहे, आणि तो आमच्या बचत गटाच्या बैठकीतच निघाला.

गेल्या वर्षी पोळ्यानंतर तालुक्याला शाळांचे कबड्डीचे सामने झाले. सतरा वर्षांखालच्या गटात आमच्या गावच्या पोरी जिंकल्या. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी त्या संघाची कर्णधार. दुसऱ्या दिवशी आम्ही पेपर उघडला. बातमी होती, पण कशी? अध्यक्षस्थानी कोण होते, उद्घाटन कोणी केलं, मंचावर कोण कोण बसले होते, आभार कोणी मानले, हे सगळं नावानिशी. शेवटच्या ओळीत मुलींच्या गटात अमुक शाळेने बाजी मारली, आणि त्या शाळेचं नावही शेजारच्या गावाचं. एकाही पोरीचं नाव नाही.

आदल्या संध्याकाळी गावातल्याच एका कॉलेजच्या पोराने मोबाईलवर सगळा सामना टिपून टाकला होता. त्यात प्रत्येक पोरगी दिसत होती, कोणी कोणाला बाद केलं, कोणी पकड केली, सगळं. आमच्या म्हाताऱ्या सासवांनीही चष्मा पुसून पाहिलं. पण त्या पोराने खाली लिहिलं होतं की पोरींची राज्यपातळीसाठी निवड झाली. निवड झाली होती जिल्ह्यासाठी. गुण होते ३१-२४, याने लिहिले ४१-२४.

कर्णधार पोरीच्या बापाने ते वाचलं आणि गावात पेढे वाटले. दोन दिवसांनी शाळेतल्या सरांनी खरं सांगितलं. मग चौकातले लोक हसले. कोणी म्हणालं, “पेपरात तं नाव नाही, मंग कायची जिंकली?” बाप घरी आला आणि पोरीला म्हणाला, झालं तेवढं पुरे, उद्यापासून मैदानावर जायचं नाही. आठ दिवस ती पोरगी सरावाला गेली नाही. हे सगळं तिच्या आईने हप्ता भरता भरता आम्हाला सांगितलं, आणि त्या दिवशी आमचा हिशेब बाजूलाच राहिला.

पेपरवाल्याने नाव दिलं नाही म्हणून पोरगी जिंकूनही जिंकली नाही, आणि मोबाईलवाल्याने फुगवून दिलं म्हणून जिंकूनही हसं झालं. मग आम्ही ठरवलं की ही खेळाची बातमी आपल्याकडे कशी आली, कोण सांगत आलं, हे जरा मागे जाऊन पाहायचं. गटातल्या शिकलेल्या पोरींनी वाचनालयातून आणि इकडून तिकडून माहिती जमवली. तीच आज सांगतो.

वर्तमानपत्राच्या बाबतीत आपलं यवतमाळ मागे नव्हतं बरं का. वणीचे बापूजी अणे, ज्यांना आपण लोकनायक म्हणतो, त्यांनी १९१८-१९च्या सुमारास यवतमाळातून ‘लोकमत’ नावाचं साप्ताहिक काढलं. नाव लोकमान्य टिळकांनी दिलेलं. पुढे जवाहरलाल दर्डांनी ते नव्याने सुरू केलं आणि १९७१ साली नागपुरातून त्याचं दैनिक झालं. पण अण्यांच्या काळात पेपर काढायचा तो स्वराज्यासाठी. त्यात कुस्ती-कबड्डीला जागा कुठली?

खेळ मात्र जोरात होते. शेजारच्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली आखाडा सुरू केला, तेच आजचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९३६ साली बर्लिनला ऑलिम्पिक भरलं तेव्हा या मंडळाचे लोक तिथे जाऊन आपले देशी खेळ दाखवून आले, त्यात कबड्डीही होती. अमरावतीची मंडळी हिटलरच्या गावात जाऊन हुतूतू खेळून आली, हे आपल्या आज्यांना कोणी सांगितलं असेल? पेपर मोठ्या गावात यायचा, तोही वाचता येणाऱ्याच्या घरी. बाकीच्यांना बातमी मिळायची ती तोंडी. जत्रेतल्या दंगलीत कोणाची कुस्ती चितपट झाली, शंकरपटात कोणाची जोडी पहिली आली, हे पट पाहून आलेला माणूस गावात येऊन सांगायचा. तो सांगेल ते खरं. त्याच्या आवडत्या जोडीचे बैल दर वर्षी जरा जास्तच वेगात पळायचे, एवढंच.

पुढे पटात आणि कबड्डीच्या मैदानावर भोंगा आला आणि माईक हातात घेणारा एक माणूस आला. त्याला पगार नाही, ओळखपत्र नाही. आवाज चांगला, खेळ माहीत, गावातली पोरं नावाने ओळखीची, एवढ्यावर तो दिवसभर बोलतो. आज मोबाईलवर स्वतःच खेळाबद्दल लिहिणारी, बोलणारी जी पोरं आहेत, त्यांचा मूळ पुरुष आम्हाला हा माईकवाला वाटतो. फरक इतकाच की माईकवाला चुकला तर मैदानातले शंभर लोक तिथेच ओरडतात, “अबे, तो नाही, त्याचा भाऊ आहे!” मोबाईलवाल्याला ओरडून सांगणारं समोर कोणी नसतं.

आता १९५२ सालाकडे या. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला गेले. जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, लोकांनी वर्गणी काढली. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं एकट्या खेळाडूने मिळवलेलं ते पहिलं पदक. पण त्याच ऑलिम्पिकमध्ये आपल्या हॉकी संघाने सुवर्ण जिंकलं, आणि त्या झगमगाटात खाशाबांचं पदक झाकोळून गेलं. त्यांचा मोठा सत्कार केला तो गावच्या लोकांनी. कराडच्या स्टेशनवरून शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. १९८४ साली ते अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर. एकट्या खेळाडूचं पुढचं पदक देशाला मिळालं ते थेट १९९६ साली. तोवर चव्वेचाळीस वर्षं खाशाबांची गोष्ट जिवंत ठेवली ती मुख्यतः त्यांच्या मुलखातल्या माणसांनी, कुस्तीवाल्यांनी, सांगून सांगून. आज १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्याचा क्रीडा दिन म्हणून पाळतात.

त्याच काळात रेडिओ आला. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झालं. पण खेळाचं वर्णन असायचं इंग्रजीत, नाहीतर हिंदीत. मराठीतून क्रिकेटचं समालोचन लोकांच्या कानात बसवलं ते बाळ ज. पंडित यांनी. ते स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले. मैदानावर काय चाललंय ते न पाहणाऱ्या माणसाला, तेही मराठीत, डोळ्यांपुढे उभं करायचं, हे सोपं काम नाही. आमच्यातल्या एका काकूंना आठवतं, पानठेल्यावर रेडिओ लागायचा आणि बाप्ये घोळका करून ऐकायचे. बायांनी तिथे थांबायची सोय नव्हती. पाणी घेऊन जाताना जितकं कानावर पडेल तितकं.

रेडिओवर बाई नव्हतीच का? होती. नागपूरला जन्मलेले थोर क्रिकेटपटू सी. के. नायडू, त्यांची मुलगी चंद्रा नायडू. इंदूरला कॉलेजात शिकवायच्या. त्यांनी १९७०च्या दशकात क्रिकेटचं हिंदीत समालोचन केलं. भारतातली पहिली महिला समालोचक म्हणून त्यांचं नाव घेतात. २०२१ साली त्या गेल्या. आपल्या विदर्भाशी नातं असलेली ही बाई, पण आम्हाला तिचं नाव या भाषणाची तयारी करताना पहिल्यांदा कळलं.

आता पगारी खेळ पत्रकाराकडे येऊ. त्याच्याबद्दल आम्ही सुरुवातीला रागाने बोललो, पण त्याने जे केलं तेही सांगायला पाहिजे. १९६२ साली मुंबईत ‘महाराष्ट्र टाइम्स’ निघाला. तिथे वि. वि. करमरकर नावाचे मूळचे नाशिकचे पत्रकार होते. तोवर मराठी पेपरात खेळाला कोपरा मिळायचा. करमरकरांनी खेळाला रोजचं स्वतंत्र पान मिळवून दिलं, म्हणून मराठी खेळ पत्रकारितेचे ते जनक मानले जातात. आम्हाला त्यांचं महत्त्व दुसऱ्याच गोष्टीसाठी वाटतं. त्यांनी क्रिकेटच्या जोडीने कबड्डी, खोखो, कुस्ती यांना त्या पानावर मानाने बसवलं. मातीतल्या खेळाच्या निवडीत गडबड झाली, संघटनेत पदाधिकारी खुर्चीला चिकटून बसले, तर तेही लिहिलं. असं लिहायला पाठीशी पेपर लागतो. एकट्यादुकट्या माणसाला संघटनेचा अध्यक्ष दारातही उभं करत नाही. पेपरवाल्याला निदान उत्तर द्यावं लागतं. शिवाय पेपरात बातमी लिहिणारा एक, ती तपासणारा दुसरा, आणि चूक छापली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापायची रीत. रीत पाळली जाते का, ते आपण पुढे बघू, पण रीत आहे.

करमरकर २०२३ साली गेले. त्यांनी घालून दिलेलं पान सगळ्या मराठी पेपरांनी उचललं. पण पान वाढलं तसं त्यावर क्रिकेट पसरत गेलं, कारण जाहिरात क्रिकेटला मिळते. २०१७ साली आशिया कप जिंकणाऱ्या भारताच्या हॉकी संघात आपल्या यवतमाळचा आकाश चिकटे गोलरक्षक होता. बैठकीत आम्ही विचारलं, कोणाकोणाला ठाऊक आहे? दोन हात वर झाले. रोहित शर्माचं विचारलं तर पाळण्यातलं पोरगंही हात वर करेल.

पण पगारी पत्रकार एका बाजूला आणि हौशी लिहिणारे दुसऱ्या बाजूला, अशी सरळ वाटणी मराठीत कधीच नव्हती. द्वारकानाथ संझगिरी घ्या. मुंबई महापालिकेत इंजिनिअर. पोट भरायचं ते नोकरीवर, आणि लिहायचं क्रिकेटवर. १९८३ साली भारताने विश्वचषक जिंकला, त्यानंतरच्या दिवसांत ‘एकच षटकार’ नावाचं क्रिकेटचं पाक्षिक मराठीत निघालं. संपादक म्हणून खुद्द संदीप पाटील, आणि कामाचा भार उचलणारे संझगिरी. ते मोठमोठ्या पेपरांत लिहीत, स्पर्धांना जगभर जात. बातमी देण्यापेक्षा सामना रंगवून सांगणं हा त्यांचा पिंड. वाचणाऱ्याला वाटायचं, शेजारी बसून कोणी गप्पा मारतोय. फेब्रुवारी २०२५मध्ये ते गेले तेव्हा किती घरांतून हळहळ झाली. आज इंटरनेटवर स्वतःचं पान काढून खेळावर लिहिणारी पोरं करतात ते काम संझगिरींनी चाळीस वर्षांपूर्वी कागदावर केलं. पण एक फरक आहे. त्यांचं नाव प्रत्येक लेखावर होतं आणि चुकले तर वाचक पत्र लिहून झाडायचे.

नाव नसलं तर काय होतं, याचीही एक खरी हकिगत आहे. २००९ साली आयपीएल दक्षिण आफ्रिकेत भरली होती. तेव्हा इंटरनेटवर एक जण रोज लिहू लागला की मी कोलकात्याच्या संघातला खेळाडू आहे आणि आतल्या गोष्टी सांगतो. खेळाडूंना टोपणनावं ठेवून त्यांची उणीदुणी काढायची. लाखो लोक वाचू लागले. गंमत अशी की मोठमोठे पेपर आणि टीव्हीवालेही त्याचं लिखाण उचलून बातम्या करू लागले. खरंखोटं तपासायचं काम ज्यांचं, तेच त्या गावगप्पेच्या मागे धावले. त्याच दिवसांत संघाने आकाश चोप्रा आणि आपल्या मराठवाड्यातला संजय बांगर या दोघांना भारतात परत पाठवलं. झालं, लोकांनी संशयाचं बोट त्यांच्याकडे वळवलं. पुढच्या वर्षी लिहिणारा स्वतःच समोर आला. तो खेळाडू नव्हताच, बंगळूरचा जाहिरात-विक्रीच्या धंद्यातला माणूस होता. त्याने पुस्तक काढलं. ज्या दोघांकडे लोकांनी वर्षभर संशयाने पाहिलं, त्यांना काय मिळालं? आम्हाला तर वाचताना आमच्या गावातल्या पेढ्यांची आठवण झाली. चूक करणारा एक, हसं होतं दुसऱ्याचंच.

आता बायांच्या खेळाकडे येऊ. इथे आमचं मत जरा पालटतं, ते आधीच सांगून टाकतो.

१९७३ साली भारतीय महिला क्रिकेट संघटना झाली आणि त्याच वर्षी पुण्यात पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. संघ किती? तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. १९७८ साली तर महिलांचा विश्वचषक भारतातच भरला. त्या काळच्या पोरी रेल्वेच्या साध्या डब्यातून, कधी आरक्षणाशिवाय, सामान आणि बॅटी घेऊन प्रवास करायच्या, डॉर्मिटरीत जमिनीवर झोपायच्या. सामन्याचं मानधन नाही, उलट खर्च घरचा. २००५ साली आपल्या पोरी दक्षिण आफ्रिकेत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेल्या. आमच्यापैकी एकीलाही ते आठवत नाही, आणि त्यात आमचा दोष नाही. घरात टीव्ही होता, पेपर येत होता. त्यात ते जेमतेम होतं. पुरुषांचा संघ सराव करताना खोकला तरी पहिल्या पानावर येत होतं.

पगारी खेळ पत्रकारांतही बाया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मुंबईत शारदा उग्रा यांनी १९८९च्या सुमारास ‘मिड-डे’मध्ये खेळाची बातमीदारी सुरू केली तेव्हा पत्रकार कक्षात दुसरी बाई सहसा नसायची. बाप्यांनी बाप्यांसाठी बाप्यांच्या खेळावर लिहायचं, असा तो सगळा कारभार होता.

ही कोंडी फुटली ती बरीचशी पेपरच्या बाहेरून. पुण्याची स्नेहल प्रधान घ्या. २००८ ते २०११च्या दरम्यान ती भारताकडून वेगवान गोलंदाजी करायची. खेळ सुटल्यावर ती लिहू लागली आणि यूट्यूबवर स्वतःचं चॅनेल काढून महिला क्रिकेटबद्दल बोलू लागली. गोलंदाजी कशी करायची, मुलीने किट कसं निवडायचं, देशांतर्गत सामन्यांत कोण चांगलं खेळतंय. जे पान पेपरने दिलं नाही ते तिने स्वतःच काढलं. आणि तिच्याकडे अशी एक गोष्ट होती जी भल्या भल्या पत्रकारांकडे नसते. ती स्वतः तिथे उभी राहून खेळलेली होती. पुढे ती आंतरराष्ट्रीय क्रिकेट संघटनेतच महिला क्रिकेटचं काम बघायला गेली. तिच्यासारख्या आणखीही मुली होत्या, नोकरी करून रात्री लिहिणाऱ्या, महिलांचे सामने धावफलक पाहून पाहून टिपणाऱ्या, कारण सामना कुठे दाखवतच नव्हते.

मग २०१७ साली लॉर्ड्सवर अंतिम सामना झाला. मुंबईच्या पूनम राऊतने ८६ धावा केल्या, आपण नऊ धावांनी हरलो. त्या संघात आपल्या नागपूरची मोना मेश्राम होती. तेव्हा पेपरांना जाग आली. पुढे २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत आपण विश्वचषक जिंकलोच, सांगलीची स्मृती मानधना आणि मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज घराघरात पोचल्या. आमच्या गावात चौकात पडदा लावला होता आणि यावेळी बाया पुढे बसल्या होत्या. पण जेमिमाच्या आधी जी पन्नास वर्षं गेली, त्यांची नोंद आज शोधायला गेलं तर पेपरांच्या जुन्या गठ्ठ्यांत थोडी सापडते, आणि बाकीची त्या हौशी पोरींच्या लिखाणात, नाहीतर जुन्या खेळाडूंच्या पेटीतल्या कात्रणांत.

एक अवघड गोष्ट बोलायची राहते, कारण आपल्या पोरी मैदानावर जातात. जानेवारी २०२३मध्ये दिल्लीला जंतरमंतरवर देशाच्या नामवंत महिला कुस्तीगीर धरणं धरून बसल्या. कुस्ती संघटनेच्या प्रमुखाकडून लैंगिक छळ होतो असा त्यांचा आरोप होता. त्यांचं म्हणणं लोकांपर्यंत पोचलं ते आधी त्यांच्याच मोबाईलवरून, त्यांच्याच शब्दांत. एप्रिलमध्ये त्या पुन्हा बसल्या, सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा पोलिसांनी गुन्हा नोंदवला. पण गुन्ह्याच्या कागदात नेमकं काय लिहिलंय, कोणती कलमं लागली, कोण काय जबाब देतंय, हे कागद मिळवून छापलं ते पेपरच्या पत्रकारांनी. पोरींनी बोलल्याशिवाय पत्रकार हलले नसते, आणि पत्रकारांनी कागद काढला नसता तर पोरींचं बोलणं ‘सोशल मीडियावरचा तमाशा’ म्हणून उडवून लावलं गेलं असतं. प्रकरण न्यायालयात गेलं, त्यावर आम्ही जास्त बोलत नाही. पण ज्या आयांनी त्या दिवसांत मुलीला ‘जाऊ नको प्रशिक्षणाला’ म्हटलं, त्यांच्याशी बोलायला आम्ही कधीही तयार आहोत.

परत आपल्या तालुक्यात येऊ.

त्या चुकीच्या बातमीनंतर आम्ही चौघीजणी तालुक्याच्या वार्ताहराकडे गेलो. भांडायच्या तयारीने गेलो होतो, खोटं कशाला सांगा. त्याने चहा पाजला आणि सांगितलं ते ऐकून आमचाच आवाज खाली आला. त्याला महिन्याला मिळतात ते पेट्रोललाही पुरत नाहीत. कमाई होते ती जाहिरातीच्या कमिशनवर, वाढदिवसाच्या शुभेच्छांवर. ज्यांच्या शुभेच्छा छापायच्या तेच मंचावर बसलेले, मग त्यांची नावं कशी गाळायची? सामन्याला तो आलाच नव्हता. आयोजकांनी लिहून दिलेला कागद त्याने पुढे पाठवला. शाळेचं नाव कागदावरच चुकलेलं. “ताई, पोरींची नावं कोणी दिलीच नाहीत,” तो म्हणाला. ते खरंच होतं.

मोबाईलवाल्या पोराकडे गेलो तर तो बिचारा लाजून अर्धा झाला. त्याचं म्हणणं, “मी तं तिथंच होतो काकू, सगळा सामना पाह्यला. राज्याचं मले एकानं सांगितलं.” ज्याने पाहिलं त्याने विचारलं नाही, आणि ज्याचं काम विचारायचं होतं त्याने पाहिलं नाही. दोघांना एकत्र बांधलं असतं तर एक चांगला पत्रकार झाला असता, असं आमच्या एका मावशी म्हणाल्या आणि दोघांसमोरच म्हणाल्या.

तुम्ही म्हणाल, एका बातमीसाठी एवढा आटापिटा कशाला? सांगतो. आपल्या राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. त्याला पेपरचं कात्रण चालत नाही, प्रमाणपत्र लागतं, आणि नोकरीच्या वेळी ते क्रीडा उपसंचालकांकडून तपासून घ्यावं लागतं. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात गाजलेली आहेत, त्यामुळे आता बारकाईने पाहतात. पोरीचं नाव, वडिलांचं नाव, स्पर्धेचं नाव, पातळी, तारीख, एक अक्षर इकडचं तिकडे झालं की चकरा. जी पोरगी स्वतःच ‘राज्यपातळी’ असं ऐकून बसली, ती उद्या अर्जात तेच लिहील आणि खोटी ठरेल. आणि प्रमाणपत्र कपाटात ठेवण्याआधी, आधी बापाने तिला मैदानावर पाठवायला हवं ना? बाप चौकात बसतो. चौकात पेपर असतो.

म्हणून आम्ही शाळेच्या सरांकडून सामन्याच्या गुणपत्रकाचा फोटो घेतला. बाराच्या बारा पोरींची नावं हजेरीपटाशी ताडून लिहिली. गुण, तारीख, कोणाविरुद्ध, पुढे कुठे जाणार, सगळं अर्ध्या पानात. खाली गटाचं नाव आणि अध्यक्ष-सचिवांच्या सह्या. बचतीचे ठराव लिहून लिहून ती सवय आपल्याला असतेच. तोच कागद वार्ताहराला पाठवला आणि तोच त्या पोराला. वार्ताहराने तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर छापला, बाराही नावांसकट. त्या पोराने आपलं लिखाण दुरुस्त केलं, पण जुनं अजून कोणाकोणाच्या मोबाईलवर फिरतंच आहे. परवा वणीकडच्या एका पाहुण्यांनी आम्हालाच पाठवलं, ‘अभिनंदन’ म्हणून.

कर्णधार पोरीच्या बापाने ते कात्रण रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवलं आहे. आम्हाला काही बोलला नाही, पोरगी मात्र नवव्या दिवशी मैदानावर होती. जिल्ह्याला त्या दुसऱ्याच सामन्यात हरल्या, १९-२७. तेही आम्ही लिहून पाठवलं. ते छापून आलं नाही.

जानेवारी २०२५मध्ये दिल्लीला खोखोचा पहिला विश्वचषक झाला, महिलांच्या संघाची कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती आणि त्यांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्याच वर्षी जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियात बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. या दोन्ही बातम्या आम्ही पेपरातून कापून वहीत चिकटवल्या आहेत. त्याच वहीत आमच्या बारा पोरींचं पान आहे, आणि त्याच्यामागे ते छापून न आलेलं १९-२७.

यंदाचे तालुक्याचे सामने पोळ्यानंतर आहेत. वही घेऊन कोणी जायचं आणि गुणपत्रकाचा फोटो कोणी काढायचा, ते येत्या मंगळवारच्या बैठकीत ठरणार आहे. तुमच्या गावच्या पोरी खेळणार असतील तर त्यांची नावं, वडिलांच्या नावासकट, नीट अक्षरात लिहून आमच्याकडे द्या.